दहापैकी दोन

आमच्या शाळेत गणिताच्या बाईंना मुलं फळाबाई म्हणायची. पाचवीत नव्यानं आलेल्या एखादीला वाटायचं, या बाई मधल्या सुट्टीत फळं वाटत असतील. पहिल्या तासाला तिचा भ्रमनिरास व्हायचा. फळाबाई म्हणजे फळा लिहिणाऱ्या बाई. आणि फळा असा लिहायच्या की पुढच्या तासाच्या शिक्षकाच्या तो पुसणं जिवावर यायचं.

मी त्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि बाई छत्तीसच्या. शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची त्यांच्या शेजारी होती. पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी मला त्यांच्या वर्गात मागे बसून तास बघायला सांगितलं. बाईंनी फळ्याचे तीन भाग केले, डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली, आणि घंटा झाली तेव्हा उजव्या कोपऱ्यात शेवटची ओळ येऊन थांबली. वर्तुळ हातानं काढलं, तेही एका दमात. हात जे लिहीत होता तेच तोंड सांगत होतं. मध्ये कुठे खंड नाही, अडखळणं नाही. पंचेचाळीस मिनिटांत त्या वर्गाकडे चार-पाच वेळाच वळल्या असतील, पण कोणाची कुजबुज करायची छाती नव्हती. मी भारावून बाहेर आले आणि पुढची कित्येक वर्षं त्यांचीच नक्कल करत शिकवलं. ती नक्कल मला नंतर महागात पडली, पण ते पुढे येईल.

माझ्या दुसऱ्या वर्षी सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या वडिलांचं बसथांब्याजवळ किल्ल्या बनवायचं दुकान होतं. दुकान कसलं, उभं कपाटच. त्यात एक कर्कश घासणारं मशीन आणि खिळ्यांना टांगलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या. सगळे तिला किल्लीवाल्याची मुलगी म्हणायचे. अंगानं लहानखुरी, म्हणून वर्षाच्या सुरुवातीला ती पहिल्या बाकावर होती. पण तिथे बसून ती सारखी वळून मुलींच्या वह्यांत आणि तोंडाकडे बघायची. बाईंनी दोन-तीनदा बजावलं आणि मग तिला उचलून शेवटच्या बाकावर, खिडकीशी बसवलं.

तिच्याबद्दल आमच्या खोलीत बोलणं व्हायचं. विचारावं एक आणि ती सांगणार दुसरंच. तुझी वही कुठाय विचारलं तर म्हणणार, सहा वाजता. मग सगळा वर्ग हसायचा आणि सगळ्यांच्या मागून तीही हसायची. ते तिचं उशिरानं हसणं बाईंच्या डोक्यात जायचं. तोंडाकडे टक लावून बघायची सवय तर उद्धटपणाच वाटायचा. गंमत म्हणजे घरचा अभ्यास चोख असायचा. बाई म्हणायच्या, घरी कोणीतरी करून देत असणार. मीही मान डोलवायची. विज्ञानाच्या तासाला ती माझ्याकडे कशी बघायची हे मला आज आठवत नाही, कारण मीसुद्धा फळ्याकडेच बघत असायची.

सहामाहीच्या आधी बाई तोंडी गणितांची परीक्षा घ्यायच्या. दहा गणितं. बाई वर्गात फिरत एकेक गणित दोनदा सांगणार, मुलींनी फक्त उत्तर लिहायचं. किल्लीवाल्याच्या मुलीला दहापैकी दोन मिळाले. चौथं आणि सातवं तेवढं बरोबर. बाकीच्या ठिकाणी कुठे भलतेच आकडे, कुठे नुसतीच रेघ. शेजारच्या मुलीचीही ती दोन्ही बरोबर होती. बाईंना दुसरा पुरावा नको होता. मधल्या सुट्टीत त्यांनी तिला आमच्या खोलीच्या दारात उभं केलं आणि विचारलं, चौथं आणि सातवं कोणाचं बघितलंस? बाई कागद चाळत खाली मान घालून बोलत होत्या. मुलगी गप्प. बाईंनी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "हो बाई." मी तिथेच बसले होते. कबूल केलं म्हणून मला बाईंइतकंच समाधान वाटलं, हेही आज लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांना बोलावलं. माणूस दुकान बंद करून आला होता, बोटांना पितळेची पूड तशीच. पोरगी घरी हुशार आहे, असं तो चाचरत सांगत होता. नुसत्या डोळ्यांनी किल्लीचे दाते ओळखते, मला माप घ्यायला लागतं, तिला लागत नाही, असंही म्हणाला. बाईंनी सांगितलं की घरी सगळीच मुलं हुशार असतात. मग त्यांनी एक चिठ्ठी लिहून त्याच्या हातात दिली, कारण अशा गोष्टी लेखी असाव्यात असं त्यांचं मत होतं. लक्ष देत नाही. विचारलेल्या प्रश्नाला मुद्दाम भलतं उत्तर देते. हट्टीपणा वाढत चालला आहे, घरून समज द्यावी. अक्षर नेहमीसारखंच सुरेख. त्यानं ती चिठ्ठी दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि मान खाली घालून गेला.

ती सातवीत नापास झाली. पुन्हा सातवीत बसली, पुन्हा नापास झाली. त्यानंतर आली नाही. कोणी चौकशी केली नाही.

त्या तोंडी परीक्षेला अठरा वर्षं झाली. मी लग्न केलं, मला मुलं झाली, मुख्याध्यापक तीनदा बदलले. बाईंचे केस पांढरे झाले, पण अक्षर तसंच राहिलं. त्यांचे यजमान छापखान्यातून निवृत्त झाले. काका आयुष्यभर छपाईच्या यंत्राशेजारी उभे राहिलेले, मोठ्यानं बोलणारे, थट्टेखोर स्वभावाचे. त्यांचं हल्ली लक्ष नसतं म्हणून बाई कुरकुरायच्या. एकाला दोन सांगतात, मुद्दाम ऐकलं न ऐकलं करतात, या वयात आता काय बोलायचं, वगैरे. आम्ही हसायचो, बहुतेकींच्या घरी तीच रड होती.

एके दिवशी सकाळी बाई आल्या आणि थेट खुर्चीत बसल्या. पहिला तास रिकामा होता. मी चहाचा कप पुढे केला तर त्यांनी तो घेतला आणि तसाच खाली ठेवला. मग सांगायला लागल्या.

आदल्या संध्याकाळी त्या मोरीशी भांडी घासत होत्या आणि काका मागे टेबलाशी बसले होते. बाईंनी पाठमोऱ्यानंच विचारलं की विजेचं बिल भरलंत का. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. काका म्हणाले, हो, फार उकडतंय. बाई वैतागून वळल्या आणि तेच तिसऱ्यांदा म्हणाल्या. आणि काकांनी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघितलं, पट्कन म्हणाले, भरलं की कालच. आणि हसले, जरा उशिरानं.

"अगं, ते हसणं मी ओळखलं," बाई म्हणाल्या. "ह्यांचं नव्हतं ते. मला आधी आठवेना कोणाचं. मग आठवलं."

त्यांनी कोणाचं ते सांगितलं नाही. मलाही विचारावं लागलं नाही.

त्याच आठवड्यात काकांना कानाच्या तपासणीला नेलं. मीही बरोबर गेले, कारण बाईंनी तसं सांगितलं. काचेच्या छोट्या खोलीत काकांना बसवलं, कानांवर यंत्र चढवलं, आवाज आला की बटण दाबायचं. काका भराभर बटण दाबत होते. तपासणाऱ्या मुलीनं थोडा वेळ बघितलं, मग उठून काकांची खुर्ची भिंतीकडे वळवली. त्यानंतर बटण वाजेनासंच झालं. काका आवाज ऐकून नाही, तिचा हात हलताना बघून बटण दाबत होते. ती म्हणाली, हे फसवत नाहीत हं, यांना स्वतःलाच कळत नाही की आपण डोळ्यांनी ऐकतोय. मग बाईंनी तिला विचारलं, एखाद्या मुलीचं असं असेल तर शाळेत कळत नाही का? ती मुलगी सहज म्हणाली की पुष्कळदा नाही कळत. असली मुलं ढ किंवा हट्टी म्हणून निघून जातात. तिनं कागदावरून मान वर केली नाही, म्हणून बाईंचा चेहरा तिला दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी मला सातवीच्या वर्गात नेलं. मला शेवटच्या बाकावर, खिडकीशी बसवलं. तोंडी परीक्षेची त्यांची पद्धत तीस वर्षांत बदलली नव्हती. पहिलं गणित टेबलाशी. मग चालायला लागायचं. दुसरं भिंतीच्या बाजूनं जाताना, तिसरं दाराशी, चौथं मागे खिडकीपाशी पोचून तिथे थांबून. पाचवं, सहावं पुन्हा फेरीत. सातवं पुन्हा खिडकीपाशी. आठवं, नववं चालताना, आणि दहावं टेबलाशी परत जाऊन, म्हणजे घंटेच्या आत कागद गोळा करता येतात. त्यांनी दहाच्या दहा गणितं म्हणत ती फेरी घातली. मी त्या बाकावरून बघत होते. दहापैकी आठ वेळा मला त्यांची पाठ दिसली, नाहीतर बाजू, नाहीतर इतक्या लांबून तोंड, की ओठ कळू नयेत. चौथ्याला आणि सातव्याला त्या माझ्यापासून हातभर अंतरावर, माझ्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

"सुटलं," बाई म्हणाल्या. गणित सुटल्यावर म्हणायच्या तशाच आवाजात. "तिनं बघितलं नव्हतं. तिला दोनच विचारली होती मी, आणि दोन्ही बरोबर आली."

मग त्या पुढच्या बाकावर बसल्या आणि चेहरा ओंजळीत धरून रडल्या. पंचावन्न वर्षांची बाई, ज्यांच्यापुढे तीन मुख्याध्यापक वचकून असायचे. मी जवळ जाऊन उभी राहिले, एवढंच.

त्यानंतर त्यांनी शिकवणंच बदललं. त्या वयात ते किती अवघड असतं, ते शिकवणाऱ्यालाच कळेल. आधी लिहायचं, गप्प राहून. मग खडू खाली ठेवायचा, वळायचं, आणि तोंडाला उजेड येईल अशा जागी उभं राहून बोलायचं. हात थांबला की त्यांचं तोंड अडखळायचं आणि बोलायला लागल्या की हात आपोआप फळ्याकडे जायचा. एक ओळ वर, एक खाली अशी अक्षरं यायला लागली. वर्तुळ एका दमात येईना. मुली खुसखुसायच्या. घंटा व्हायची तेव्हा फळा निम्मा रिकामा असायचा. तोंडी गणितं त्यांनी पुठ्ठ्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिली आणि म्हणता म्हणता दाखवायला सुरुवात केली. बाक सरकवल्याचा खरखराट जड कानाला सगळ्यात जास्त छळतो, हे त्या तपासणाऱ्या मुलीनं सांगितलं होतं, म्हणून टेनिसचे जुने चेंडू मिळवून, त्यांना चीर पाडून बाकांच्या पायांत घातले. ते काम आम्ही दोघींनी केलं. माझ्या बोटाला अजून त्या सुरीचा वण आहे.

मलाही त्यांनी सोडलं नाही. माझ्या तासाला मागे येऊन बसायच्या आणि मी फळ्याशी बोलायला लागले की पट्टीनं बाक वाजवायच्या. मुलींच्या देखत. मला राग यायचा. ही सवय मी तुमच्याकडूनच घेतली, असं मी एकदा तोडून बोलले. त्या म्हणाल्या, म्हणून तर सोडवतेय.

शाळेतल्या प्रत्येक मुलीची त्यांनी परीक्षा घेतली. मागे उभं राहायचं, तोंडापुढे हजेरीपट धरायचा आणि हळू आवाजात साधे शब्द म्हणायचे. मुलीनं ते परत म्हणायचे. महिन्याभरात तिघी सापडल्या. दोघींना यंत्र लागलं. तिसरीचा कान फुटलेला होता आणि घरी कोणाला पत्ता नव्हता. मुख्याध्यापकांना हे नसतं खूळ वाटलं. अभ्यासक्रम मागे पडतो, पालक विचारतात, आपण काय दवाखाना चालवतो का, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी ऐकून घेतलं आणि चौथी शोधायला गेल्या.

पण हे सगळं करताना त्यांच्या मनात एकच मुलगी होती. बसथांब्याजवळ आता किल्ल्यांचं दुकान नव्हतं. त्या जागी तिचा भाऊ फोन दुरुस्त करत बसायचा. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. आपण कोण ते बाईंनी सांगितलं तेव्हा त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, पण पत्ता दिला. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात ती कामाला होती.

धुलाईघर तळघरात होतं. दार उघडल्याबरोबर यंत्रांचा असा गदारोळ कानावर आला की मला बाईंचं बोलणं ऐकू येईना. वाफेनं भिंती ओलसर. बायका एकमेकींशी ओरडून बोलत होत्या, हातवारे करत होत्या. एकटी तीच शांत होती. चादरींच्या ढिगापुढे उभी राहून घड्या घालत होती, चारही कोपरे बरोबर जुळवून. एकतीस वर्षांची, अंगानं अजून लहानखुरी. तिनं वर बघितलं आणि बाईंना लगेच ओळखलं. मला नाही ओळखलं.

बाईंनी आठ दिवस मनात जुळवणी केली होती. काय म्हणायचं, कसं म्हणायचं, कुठे उभं राहायचं. समोर आल्यावर सगळं विसरल्या. त्या बोलायला लागल्या आणि रडायलाच लागल्या. रुमाल तोंडावर धरला आणि रुमालाच्या आतून बोलत राहिल्या. ती थोडा वेळ बघत राहिली. मग पुढे झाली आणि म्हणाली,

"बाई, तोंडावरचा हात काढा. मला कळत नाहीये."

बाईंनी हात काढला. डोळे पुसले. तिच्याकडे नीट तोंड करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "तू ढ नव्हतीस. हट्टी नव्हतीस. तुला ऐकू येत नव्हतं. चूक माझी होती."

तिनं हातातली चादर पूर्ण घडी केली, ढिगावर ठेवली, वरून हात फिरवला. मग विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"गेल्या वर्षी."

"मला बाविसाव्या वर्षी कळलं," ती म्हणाली. तिचा आवाज एकसुरी होता, जरा जास्तच मोठा. "मुलगी झाली तेव्हा. ती पाळण्यात रडून रडून निळी पडली होती आणि मी पाठ करून कपडे वाळत घालत होते. शेजारीण धावत आली. तोपर्यंत मला वाटायचं, सगळ्यांना असंच ऐकू येतं. बाकीच्यांना अंदाज चांगला बांधता येतो, मला येत नाही."

पुढचं ती काम करता करता सांगत होती, चादरीकडे बघत, म्हणजे आम्ही मध्ये काही बोललो असतो तरी तिला कळलं नसतं. तिच्या वडिलांनी ती चिठ्ठी जपून ठेवली होती. ते मागून हाक मारायचे, ती जायची नाही. ते म्हणायचे, बाईंनी लिहिलंय ते खोटं नाही. आधी ते दुकानात तिला शेजारी बसवून घ्यायचे, किल्ल्या दाखवायचे. चिठ्ठीनंतर हळूहळू ते बंद झालं. तिनं शाळा सोडली त्यालाही त्यांनी हरकत घेतली नाही. कानाचं कळलं तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. तिनं सांगून बघितलं. ते ऐकून घेत होते, पण त्यांना समजलं की नाही, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांचं बोलणं तेव्हा अगदी पुटपुटल्यासारखं झालं होतं आणि दाढी वाढल्यामुळे ओठ दिसत नव्हते.

शेवटी बाईंनी तिच्या हाताला हात लावला, तिनं वर बघितलं, तेव्हा बाई म्हणाल्या की मी तुझ्या आईला लिहून देते, सगळं खरं काय ते, माझ्या सहीनं.

"आईला वाचता येत नाही," ती म्हणाली. "घरात बाबाच वाचायचे."

मग बाईंनी यंत्राचं विचारलं, बाहेरून परीक्षा देण्याचं विचारलं, मी रोज संध्याकाळी येऊन शिकवीन म्हणाल्या. तिनं सगळं नीट बघून घेतलं आणि नको म्हणाली. रागानं नाही. यंत्र एकदा लावून पाहिलं, त्यात या मशिनांचाच आवाज जास्त येतो, म्हणाली. इथे मी एकटीच आहे जिचं डोकं दुखत नाही. आणि हसली. हसताना ती कोणाची वाट बघत थांबली नाही. तिनं घड्याळाकडे बोट दाखवलं आणि पुढचा ढीग ओढला. बाई तिथे आणखी थोडा वेळ उभ्या राहिल्या. ती घड्या घालत राहिली.

बाई पुन्हा एकदा गेल्या, एकट्या. त्या वेळी आतून निरोप आला की ती कामात आहे. बाईंना तो निरोप समजला. तिसऱ्यांदा गेल्या नाहीत.

त्याऐवजी त्यांनी भांडारातले जुने गुणपट काढले. लेखी परीक्षेत बरे गुण आणि तोंडीत एकदम कमी, अशा मुली शोधायच्या होत्या. शाळा सुटल्यावर त्या तिथे धुळीत बसायच्या, नाकाला फडकं बांधून, आणि एका वहीत नावं उतरवायच्या. मागची अकरा वर्षं तपासून झाली तेव्हा एकोणीस नावं झाली होती. त्यातल्या नऊ जणींचा पत्ता लागला. एक पोस्टात होती, तिचे कान ठणठणीत. तोंडीच्या वेळी तुमची भीतीच इतकी वाटायची की येत असलेली उत्तरंही डोक्यातून जायची, असं सांगून ती खळखळून हसली आणि तिनं बाईंना चहा पाजला. बाईही हसल्या. एकीनं दार उघडून नाव ऐकलं आणि पुन्हा लावून घेतलं. दोघींना खरंच ऐकू कमी येत होतं. त्यातल्या एकीनं बाईंना मिठी मारली. दुसरी म्हणाली, मग आता काय?

बाई निवृत्त व्हायच्या सहा महिने आधी उन्हाळ्याच्या सुट्टीत भांडार रिकामं केलं. छत गळत होतं, कागदांना वाळवी लागली होती, नियमानुसार दहा वर्षांपलीकडचं ठेवायची गरजही नव्हती. मुख्याध्यापकांनी काही वाईट हेतूनं केलं नाही; त्यांना त्या यादीचं माहीतच नव्हतं. सुट्टीनंतर बाई किल्ली घेऊन गेल्या आणि रिकाम्या, चुना मारलेल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. रद्दीवाल्याकडे मी धावत गेले. गठ्ठे केव्हाच लगद्याला गेले होते. मी परत येऊन सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि विचारलं, आज तुझा सहावीवर तास आहे ना?

निरोपाच्या समारंभात मुख्याध्यापक चांगलं बोलले. बाईंच्या बत्तीस वर्षांच्या सेवेत एकही तक्रार आली नाही, असं ते म्हणाले, आणि टाळ्या झाल्या. बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उठल्या, मुलींना तोंड दिसेल अशा उभ्या राहिल्या.

"तक्रार आली नाही हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "ज्यांनी करायला हवी होती, त्यांच्यापर्यंत माझं बोलणंच पोचलं नव्हतं. त्यातल्या थोड्या मला सापडल्या. बाकीच्या किती होत्या ते काढायला आता माझ्याकडे काही साधन नाही."

मुलींना काही उमगलं नाही. तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. काका पहिल्या रांगेत होते, नवं यंत्र लावून, आणि ते सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते.

पुढच्या जूनमध्ये पाचवीचे प्रवेश माझ्याकडे होते. टेबलापुढच्या रांगेत एक लहानखुरी बाई मुलीला घेऊन उभी होती. या वेळी तिनं मला ओळखलं. अर्ज तिनं स्वतः भरून आणला होता, स्वच्छ अक्षरात, एकही खाडाखोड नाही. मुलगी बडबडी होती, आईच्या वतीनं माझ्या प्रश्नांची उत्तरं ती द्यायला लागली, तर आईनं तिला हातानं थांबवलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मी सावकाश बोलले. सगळे कागद तपासून झाले. मग तिनं विचारलं,

"फळाबाई आहेत अजून?"

निवृत्त झाल्या, मी सांगितलं. गेल्या वर्षीच.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि खालच्या रेघेवर सही केली.

ती मुलगी आता माझ्या वर्गात आहे. तिला ऐकू उत्तम येतं, मी स्वतः दोनदा तपासलंय. महिन्यातून एकदा मी बाईंकडे जाते. त्या यंदाच्या वर्गाबद्दल विचारतात, मागे कोण बसतं, फळ्यावर उजेड कुठून येतो, एकेक. मी सगळं सांगते. ही मुलगी वर्गात आहे, एवढं मात्र अजून सांगितलेलं नाही. तिची आई काय म्हणाली, हे त्या लगेच विचारतील. आणि माझ्या तोंडाकडे बघून खोटं ओळखायला त्या आता चांगल्या शिकल्या आहेत.